नव्या बाईंची खुर्ची

मित्रांनो, तुम्ही बसा. मी उभीच बरी. खुर्चीला बसण्याची सोय आजवर कोणी केलेली नाही.

मी एका शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतली जुनी लाकडी खुर्ची आहे. शाळा पाचवी ते आठवीची. अशी खोली तुम्ही फक्त दारातून पाहिली असेल. वह्यांचा गठ्ठा घेऊन तुम्ही येता, "आत येऊ का सर?" म्हणता, गठ्ठा टेबलावर ठेवता आणि काही न बघितल्यासारखे करून सगळे बघून जाता. खरे सांगायचे तर आत बघण्यासारखे काही नसते. चहा असतो, पेपरांचे ढीग असतात, आणि पूर्वीची मुले किती चांगली होती यावर चर्चा असते. ती पूर्वीची मुले शाळेत होती तेव्हाही मी याच खोलीत होते. तेव्हाही हीच चर्चा होती.

मी आणि माझ्या बहिणी एकाच सुताराच्या हातून, एकाच झाडाच्या लाकडातून घडलो. आम्हाला टेम्पोतून शाळेत आणले तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही एक छान जमलीये. पाहुण्यांसाठी ठेवा." त्यामुळे माझी सुरुवातीची वर्षे थाटात गेली. स्नेहसंमेलनात मी मंचावर मधोमध असे. माझ्यावर बसून पाहुण्यांनी जी भाषणे केली ती मी मुकाट्याने ऐकली. तुम्हाला निदान चुळबूळ करता येते.

मग एके दिवशी खोलीतल्या भिंतीवर घड्याळ लावायचे ठरले. शिडी कोण आणणार, म्हणून खेळाचे सर माझ्यावर चढले. ते खाली आले, घड्याळ खाली आले आणि माझा डावा मागचा पाय मोडला. सरांना सुट्टी मिळाली. घड्याळ नवे आले. मला हस्तकलेच्या सरांनी एक खिळा मारला. जोडलेला पाय बोटभर आखूड झाला.

"तात्पुरतं आहे," सर म्हणाले. "उद्या नीट बघतो."

हस्तकलेचे सर मनाने फार चांगले आहेत. त्यांचा उद्या मात्र अजून उजाडायचा होता.

माझ्यावर जो बसेल तो डावीकडे कलंडायचा, म्हणून जाणती मंडळी मला टाळू लागली. मग उरला कोण? ज्याला ठाऊक नाही तो. शाळेत नवे शिक्षक रुजू झाले की इतिहासाचे सर त्यांना प्रेमाने माझ्यावर बसवत आणि हातात काठोकाठ भरलेला कप देत. पुढचे तुम्हाला सांगायला नको. खोली हसून लोटपोट होई. नवे शिक्षकही कपडे झटकत हसत, कारण पहिल्या दिवशी दुसरे काय करणार? पुढचा नवा येईपर्यंत मी त्यांची.

"परंपरा आहे आपली," इतिहासाचे सर सांगत. ही परंपरा त्यांच्या छत्रीपेक्षाही वयाने लहान होती. पण इतिहास शिकवणाऱ्यानेच सांगितल्यावर कोण शंका घेणार?

त्या वेळी दरवर्षी कोणी ना कोणी नवे येई, त्यामुळे कोणालाच मी फार दिवस सोसावी लागली नाही. आणि मग गणिताच्या बाई आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांच्या नव्याकोऱ्या कपड्यांवर चहा सांडला आणि लगेच तास झाला. त्या तशाच सातवीच्या वर्गात गेल्या. मधल्या सुट्टीत त्या परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. मागच्या बाकावरून कोणीतरी डागाकडे बोट दाखवून विचारले होते, "बाई, हा कोणता खंड?" खोलीत हे ऐकून पुन्हा हशा झाला. बाईही हसल्या. माझ्या हाताला त्यांनी किती घट्ट धरले होते ते मला एकटीला माहीत.

"जाऊ दे," त्या माझ्याशी पुटपुटल्या. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

मित्रांनो, त्या वर्षी भरती बंद झाली.

कोणी निवृत्त झाले की त्यांचे तास उरलेल्यांत वाटले जात. पद गेले म्हणून खुर्चीही कार्यालयात जमा होई. अशा माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. नवे कोणी आलेच नाही, तेव्हा सगळ्यात नव्या बाई त्याच. 'नव्या बाई' हे त्यांचे नावच पडले. केस पांढरे झाले तरी त्या नव्याच. त्यांच्या त्या पहिल्या सातवीतली एक मुलगी पुढे आपल्या लेकीला शाळेत घालायला आली. खोलीत डोकावून म्हणाली, "अय्या बाई, तुम्ही अजून नव्याच?"

बाई म्हणाल्या, "काय करू गं, मला जुनी करायला कोणी येतच नाही."

थट्टा चालूच असे, पण त्या आता पडत नसत. टाच जमिनीत रोवायची, सगळा भार उजवीकडे घ्यायचा, पोट आत आणि श्वास अर्धा. त्या अशा बसून वह्या तपासत, चहा पीत आणि पालकांशी बोलत. एक थेंब सांडत नसे. घरी त्यांच्या आईने विचारले म्हणे, "अशी एका अंगाने काय चालतेस गं? पाय मुरगळला का?" बाईंनी ते चहाच्या वेळी गंमत म्हणून सांगितले. सगळे हसले. मी लाकडाची, मला हसता येत नाही.

एकदा शाळेची तपासणी झाली. मुख्याध्यापिका अधिकाऱ्यांना घेऊन खोलीत आल्या आणि धीर करून म्हणाल्या, "साहेब, ही एक खुर्ची मोडकी आहे. बदलून मिळाली तर..."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "ह्या बाई बसल्यात की तिच्यावर."

"हो, बसल्यात."

"रोज बसतात?"

"रोज."

"पडल्या का कधी?"

"आताशा नाही."

"मग मोडकी कशी?" साहेब म्हणाले आणि चहाकडे वळले.

ते गेल्यावर बाई कितीतरी वेळ हातातले लाल पेन उघडत-मिटत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पडायला हवं होतं मी. आपलंही चुकलंच बघ." हे 'आपलं' म्हणजे त्यांचे आणि माझे. इतक्या वर्षांत मला सोबत घेऊन बोलणाऱ्या त्या एकट्याच.

आणि मग, कोणी आशाही करत नव्हते तेव्हा, भरती झाली. विज्ञानाला नवे सर येणार असे कळले. पद आले म्हणून कार्यालयातून माझी एक बहीणही परत आली आणि खिडकीजवळ बसली. धूळ होती, पण चारही पाय धड. त्या आठवड्यात बाई रोज तिच्याकडे बघत. एकदा कोणी नसताना त्यांनी ती पुसूनही ठेवली. मला राग आला नाही. माझ्यावर बसून थकलेल्या माणसाचा राग मला कसा येईल?

नवे सर आले. किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढचाच तास सातवीवर. इतिहासाचे सर तर हात चोळतच होते. "या या! बसा! नव्या बाई, उठा आता. सुटलात तुम्ही!"

शिपाईमामांनी दोन कप भरून आणले, एक नव्या सरांना आणि मानाचा म्हणून एक बाईंना. बाई माझ्यावरून उठल्या. त्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेल्या आणि बसल्या. बसताना सवयीने त्यांनी टाच रोवली आणि सगळा भार उजवीकडे टाकला. पण त्या खुर्चीला सावरावे लागत नव्हते. बाई उजवीकडे भस्सकन कलल्या आणि अख्खा कप त्यांच्याच मांडीवर उपडा झाला.

खोलीत हशा पिकला. "अहो बाई!" इतिहासाचे सर डोळे पुसत म्हणाले. "ती खुर्ची तर धड आहे!"

बाई मांडीवरच्या डागाकडे बघत होत्या.

"खुर्ची धड आहे हो सर," त्या म्हणाल्या. "मीच धड राहिले नाही."

त्या हे रागाने बोलल्या असत्या तर कोणीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती. पण त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. हसू जिथल्या तिथे थांबले. नवे सर कप धरून माझ्यापुढे अर्धवट वाकलेले होते, ते तसेच राहिले.

"बसू नका," बाई त्यांना म्हणाल्या. त्या उठल्या, त्यांनी मला उचलले आणि टेबलावरच्या पेपरांवर उलटी ठेवली. माझे चारही पाय वर. इतक्या वर्षांत मला खालून कोणी पाहिले नव्हते. खाली च्युइंगम चिकटलेले निघाले. या खोलीत मुले बसत नाहीत, एवढेच सांगते.

"सर," बाईंनी हस्तकलेच्या सरांना हाक मारली.

"हो हो, उद्या नक्की—"

"आज. तास झाला तरी चालेल, तुमचा वर्ग मी बघते."

सर कान पकडून करवत आणायला गेले. इतिहासाचे सर आपली खुर्ची सरकवून नव्या सरांना म्हणाले, "तोवर इथं टेका."

दुपारपर्यंत मला पाय मिळाला. रंग जुळत नाही, पण माप जुळते. आता माझ्यावर नवे सर बसतात आणि गणिताच्या बाईंना सगळे गणिताच्या बाई म्हणतात. तरी जिना चढताना त्या अजून एका अंगाने चालतात. पाय एका दुपारी बसतो, मित्रांनो. बाकीचे बसायला वेळ लागतो.

मी आता फार थकले आहे, म्हणून एकच मागणे. तुमच्या वर्गातही एखादे डुगडुगणारे बाक असेल आणि त्यावर बसणारा हूं की चूं करत नसेल. तो पडत नाही म्हणून बाक धड आहे असे समजू नका. त्याला जरा उठवा आणि खाली वाकून बघा.