चंद्रीच्या गळ्यातली घंटा

पुरलेली गाय उकरून दाखवा, असे सांगताना तुमची जीभ अडखळली कशी नाही, साहेब? तुम्ही विसरला असाल. मी विसरलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. काष्टीच्या बाजारात रतनबाईने मला कानाशी धरून वाजवून पाहिले आणि घरी नेऊन चंद्री नावाच्या कालवडीच्या गळ्यात बांधले. तेव्हापासून चंद्रीची मान हलली की मी बोलायचे. ती चरताना दिसेनाशी झाली, तर रतनबाई माझ्या आवाजावरून तिला हुडकायची. वसुबारसेला सून पंकजा मला चिंचेने घासून लखलखीत करायची. चंद्रीच्या दुधावर ते घर चालायचे आणि त्या घराचा रुबाब माझ्या आवाजात असायचा.

मग सीना नदीला पूर आला. पहाटे गोठ्यात पाणी शिरले. रतनबाईचा मुलगा बन्सी दावे कापायला धावला, पण लोंढ्याने चंद्रीला खुंटासकट ओढून नेले. मी पाण्याखाली वाजत होते. कोणाला ऐकू जाणार? पाणी ओसरल्यावर ती बाभळीत अडकलेली सापडली.

इथे रतनबाईच्या घरच्यांची चूक झाली म्हणे. त्यांनी तिला कुत्र्यांपुढे उघडी टाकली नाही. बांधाकडेला खड्डा खणला, मीठ टाकले. रतनबाईने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावले आणि आपले लुगडे तिच्यावर पांघरले. सगळ्या वस्तीने माती लोटली. मला तेवढे काढून गोठ्याच्या मेढीला, मधल्या लाकडी खांबाला, टांगले.

आठवडा उलटल्यावर हे सरकारी साहेब पुराच्या नुकसानीचा पंचनामा करायला आले.

“गाय कुठंय?”

“पुरली, साहेब.”

“फोटो?”

“लेक गेल्यावर फोटू काढत्यात व्हय?” रतनबाईने विचारले.

“डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मदत कशी मिळणार? उकरून दाखवा.”

बन्सीने फावडे उचलले. मदत आली तरच गोठ्यात दुसरी गाय येणार होती.

“ठेव ते खाली,” रतनबाई म्हणाली. “तिला मी झाकलंय. कुनी उघडायची न्हाई.”

शेजारचे आप्पासाहेब पुढे झाले. “साहेब, समद्या वस्तीनं माती दिलीय तिला. आमची साक्ष लिवा.”

“तुमची साक्ष चालत नाही.”

“मोबाईलला डोळं हायेत, अन् आमच्या खोबणीत काय कवड्या बसवल्यात?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. ‘पुरावा नाही’ असा शेरा मारून ते गाडीत बसले.

मी मेढीवरच हिरवी पडले असते. पण एका सोमवारी रतनबाईने मला पिशवीत घातले आणि तालुक्याच्या कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवले.

“ह्यो घ्या पुरावा.”

“घंटा कुणाच्याही गळ्यातली असेल, बाई.”

रतनबाईने मला उचलून खणखणा वाजवले. बाहेरच्या रांगेतल्या माना वळल्या. शिपाई धावत आला. “आजी, हे हापीस हाय, देऊळ न्हाई!”

“म्हनूनच वाजवते. देव जागा असतोय.”

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही दोघी जातो. आता आमच्या शेजारी कुणाचे दावे, कुणाची बैलाच्या तोंडावरची म्होरकी येऊन बसते. पुराने ज्यांचे गोठे रिकामे केले, ती माणसेही रतनबाईसारखी कचेरीतून उठत नाहीत.

मित्रांनो, मुक्या जनावराला जीव लावा. ते गेले तर त्याला मातीही द्या. त्यात चूक काहीच नाही.

आणि साहेब, तुम्ही टेबलाआडून वर बघा. चंद्रीला माती देणे हा गुन्हा आहे का? असेल तर तसा शेरा लिहा आणि खाली सही करा. नसेल तर रतनबाईची मदत का अडवली, ते सांगा. येत्या सोमवारी मी पुन्हा तुमच्या टेबलावर आहे. उत्तर तयार ठेवा.