सड्यावरची धाव

"बाबा, येऊ नका. मी परेडला नाय."

रत्नागिरी स्टेशनात गाडी यायला दहा मिनिटं होती. लेकाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून प्रमोदने फोन कानाला आणखी दाबून धरला. शेजारी त्याची बायको दर्शना नाचणीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत तिची नवी साडी होती. सैन्याचं प्रशिक्षण संपताना शपथेची कसम परेड झाली की नव्या जवानांच्या आईबापांनाही पदक लावतात, हे त्यांच्या मुलाने, अमरदीपने, तिला सांगितलं होतं. पदकाच्या पिनेने साडी फाटेल की काय, याचीच तिला दोन दिवस काळजी.

"नाय म्हंजे? काय झाला?"

"नडगीचा हाड मोडला, दोन म्हैने झाले. तुमाला सांगवत नव्हता. डॉक्टर बोलले, चीर जुनी हाय, भरतीच्या आधीची. आता घरी पाठवतायत. कायमचा."

जुनी चीर कुठली, हे प्रमोदला कुणा डॉक्टरने सांगायला नको होतं.

तरुणपणी सैन्याच्या भरतीत त्याची स्वतःची छाती एका सेंटिमीटरने कमी भरली होती. पुढे लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया भाजण्यात आयुष्य गेलं, पण तो एक सेंटिमीटर काही मनातून गेला नाही. मुलगा सोळाचा झाला तशी त्याने स्वतःच्या गळ्यात शिट्टी अडकवली. आमच्याकडे सपाट जागा म्हणजे सडा, नुसता उघडा कातळ. तिथे तो पोराला रोज सकाळी पळवायचा, पाठीवर वाळूची पिशवी देऊन. खरं म्हणजे पोराच्या पायांनी बापालाच पळायचं होतं. एकदा अमरदीप मध्येच खाली बसला. "बाबा, नडगी दुखते." प्रमोद खेकसला, "फौजीची नडगी दुखत नाय! ऊठ." पोरगा उठला. त्यानंतर त्याने कधी तक्रार केली नाही. प्रमोदला वाटलं, गडी तयार झाला.

"चल घरी," तो आता दर्शनाला म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"घरी कशाला? परेड नसली तरी पोरगा हाय ना आपला? आणूया त्याला."

गाडी आली तेव्हा तीच आधी चढली.

परेडच्या सकाळी तिघं प्रशिक्षण केंद्राच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसले. भिंतीपलीकडे बँड वाजत होता. मग पोरांनी एका आवाजात शपथ घेतली. अमरदीप ओठ मिटून काठीने मातीत रेघा ओढत राहिला. दर्शना नवी साडी नेसून आली होती. "दुसरी बरी आणलीच नाय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

घरी आल्यावर तिने निरगुडीचा पाला उकळून दिला. प्रमोदने लेकाचा पाय मांडीवर घेतला आणि फडकं बुडवून तो नडगी शेकू लागला. हाड सांधलं होतं तिथे बोटांना गाठ लागली. त्याला आपल्याच हातांची शरम वाटली. माफी मागायची असं गाडीत तीनदा ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"दुखते काय रे?"

अमरदीपने पाठ ताठ केली. नजर समोरच्या भिंतीवर नेली. पायाची बोटं मात्र आखडली होती.

"नाय दुखत, बाबा."

प्रमोदने फडकं बाजूला ठेवलं. पाणी निवून गेलं तरी तो पाय तसाच मांडीवर धरून बसला.