एका वेळी एकच पार्ट

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचा एक नियम असतो: एका वेळी एकच पार्ट बदलायचा. दोन बदलले आणि मशीन चालू झालं, तर बिघाड कशात होता ते कळत नाही, आणि आपण हुशार आहोत की नुसते नशीबवान, तेही कळत नाही. आपला मशीनवाला हा नियम इतक्या निष्ठेने पाळायचा की लग्नसुद्धा त्याने एकच केलं होतं.

पण चाळिशी ओलांडल्यावर त्याच्यातच एक बिघाड निघाला. इच्छा होती, प्रेम होतं, बायको तर शेजारीच होती. ऐन वेळी शरीर मात्र ‘मला कुणी काही सांगितलंच नाही’ अशा थाटात पडून राहायचं. पहिल्यांदा तो म्हणाला, “दमलोय.” पुढच्या वेळी म्हणाला, “फारच दमलोय.” त्यानंतर त्याने झोपेचं सोंग घेतलं, आणि ते इतकं वठलं की तो खरोखर घोरू लागला. सोंगात एवढं यश मिळालं, हीच काय ती त्या काळातली कमाई.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे शोधायला त्याने धंद्यातला नियम घरात लावला. आधी झोपायच्या खोलीतला बल्ब बदलला: पांढऱ्याच्या जागी पिवळा. फरक नाही. मग पडदा. मग पलंगाची दिशा, त्यामुळे दार अर्धंच उघडू लागलं आणि दोघंही खोलीत खेकड्यासारखी तिरकी शिरू लागली. मग गादी. नवी गादी एवढी कडक होती की सकाळी दोघं एकमेकांच्या पाठीची चौकशी करत उठायची. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, पण पखाल कशी नीट, एकेक करून बदलली जात होती.

मधल्या काळात त्याने फोनवरच्या जाहिरातीतून कॅप्सूलची बाटलीही मागवली. बाटलीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा होता. पहिल्याच कॅप्सूलने त्याचे कान तापले, छाती धडधडली आणि तो खरंच घोड्यासारखा धावला, पण संडासाकडे. बाटली त्याने जुन्या वॉशरच्या डब्यात तळाशी पुरली. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी.

बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर अनोळखी माणसं तिला भिंतीच्या दिशेने न्यायची आणि ती शांतपणे “ब्रेक” म्हणायची. त्याच शांतपणाने ती घरातला हा कारभार बघत होती. एका रविवारी दुपारी तो स्टुलावर चढून कपाटाचं माप घेत होता, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

“आता कपाट का?”

“हो. दार वाजतं त्याचं.”

“बल्ब झाला, पडदा झाला, पलंग फिरवला, गादी गेली. कपाट गेलं की या खोलीत जुनी मी एकटीच उरते.” तिने विचारलं, “माझा नंबर कधी?”

या प्रश्नाला जगात हजार उत्तरं असतील. तो म्हणाला, “तसं नाही.”

“मग कसं?”

“तसं अजिबात नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “शनिवारी ताईकडे जातेय. परत कधी यायचं ते ठरवलेलं नाही. तू कपाट सावकाश बघ.”

ती गेली तरी तो स्टुलावरच उभा राहिला. तपासणी त्याने अगदी नियमाने केली होती. निष्कर्ष मात्र दुसऱ्याच कुणीतरी काढला होता, आणि तो चुकीचा होता. तो खोडायचा तर खरी गोष्ट सांगावी लागणार होती. आणि खरी गोष्ट त्याला स्वतःलाच धड माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्याचं एकही गिऱ्हाईक नव्हतं, अशा दवाखान्यापुढे उभा राहिला. बोर्डावर लिहिलं होतं: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व इतर. आपण ‘इतर’ आहोत हे पक्कं करून तो आत गेला. डॉक्टर निघाल्या बाई, त्याच्या मोठ्या वहिनीच्या वयाच्या. परतायला उशीर झाला होता. खुर्ची त्याच्याखाली आली होती.

“बोला, काय होतंय?”

“काही होत नाही, तोच प्रॉब्लेम आहे.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “बायकोबरोबर?”

त्याने टेबलावरच्या हृदयाच्या मॉडेलकडे बघत मान डोलावली.

“सकाळी जाग येताना कधी येतो का ताठरपणा?”

“पूर्वी यायचा. आता तोही नाही.”

“तहान? रात्री उठावं लागतं?”

“लागतं. पण मला वाटलं, गादी कडक आहे म्हणून.”

“स्वतःहून काही औषध घेतलंत?”

“नाही,” तो म्हणाला. स्क्रू खिशात ठेवून ‘आम्ही हातसुद्धा लावला नाही’ म्हणणारी गिऱ्हाइकं तो रोज बघायचा. म्हणून तो पुढे म्हणाला, “घोड्याच्या कॅप्सूल घेतल्या.”

“घोड्याच्या?”

“घोड्याला द्यायच्या नव्हेत. चित्र आहे.”

“बाटली टाकून द्या. असल्या मालात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. रक्तदाबाची, हृदयाची औषधं चालू असती तर जिवावर बेतलं असतं.” त्यांनी रक्तदाब घेतला, बोटाला सुई टोचली आणि यंत्रावरचा आकडा बघून भुवया वर केल्या. “साखर बरीच वाढलेली दिसतेय. उद्या उपाशीपोटी या, नीट तपासू.”

“पण मी दुसऱ्याच तक्रारीसाठी आलो होतो. बोर्डावरच्या ‘इतर’साठी.”

“तुमची तक्रार पहिल्या शब्दातच आहे. साखर वाढली की नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. तिथल्या वाहिन्या बारीक, म्हणून पुष्कळदा पहिली तक्रार तिथून येते. हृदयाने तक्रार करण्याआधी तुम्ही आलात, हे चांगलं झालं. साखर आवरू, चालायला लागा. यावर खात्रीच्या गोळ्याही आहेत, पण हृदय तपासून, मी सांगेन तेव्हा. आणि हे फार जणांना होतं. येतात मात्र थोडे.”

मधुमेहाची बातमी ऐकून चेहरा खुललेला तो त्या दवाखान्यातला पहिलाच पेशंट असावा.

“बायकोला माहीत आहे?”

“तिला वाटतंय, मी तिला बदलणार आहे.”

“मग उद्या तिलाही घेऊन या,” बाई म्हणाल्या. “गोळीपेक्षा ते तातडीचं आहे.”

घरी बायको शनिवारसाठी आतापासूनच बॅग भरत होती. रस्ताभर पाठ केलेलं भाषण उंबऱ्यावरच सांडलं.

“उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील?”

तिचा हात बॅगेतच थांबला. “कुणाला काय झालंय?”

“मला. साखर आहे बहुतेक. आणि तिच्यामुळे ते.”

“ते म्हणजे?”

त्याने गादीकडे बोट दाखवलं. तिने गादीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग वर बल्बकडे.

“म्हणजे हा बल्ब…”

“हो.”

“पलंग?”

“हो.”

“आणि कपाट?”

“कपाटाचं दार खरंच वाजतं.”

ती हसली नाही. बॅग बाजूला सारून ती काठावर बसली. “मी रात्र रात्र विचार करत होते, माझ्यात काय बिघडलं म्हणून. आणि तू पडदे धुंडाळत होतास.”

ती येईल की नाही, हे तिने सांगितलं नाही. पण सकाळी तो उपाशीपोटी बूट घालत होता, तेव्हा ती आधीच जिना उतरत होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, “किती दिवसांपासून आहे हे?”

“दोनतीन महिने,” तो म्हणाला.

“वर्ष होऊन गेलं,” बायको म्हणाली.

बाईंनी वर्ष लिहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटत होतं?”

“मी नकोशी झालेय.”

तो हृदयाच्या मॉडेलशीच बोलावं तसा बोलला, “डॉक्टर, मला कुणासमोर फजितीची भीती वाटत नाही. माझी रोजच होते. फक्त हिच्यासमोर वाटते. हिच्याइतकं मला दुसऱ्या कुणाचं काही वाटतच नाही.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. चुकून पहिल्याच दिवशी गाडी नीट मागे घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं, तशी.

“हे वर्षभरात घरी का नाही बोललास?”

“घरी तू असतेस ना.”

“इथेही मीच आहे.”

“इथे डॉक्टर आहेत,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली, आणि पर्समधून फोन काढून ताईला कळवलं की शनिवारचं जमत नाही. ताईने कारण विचारल्यावर म्हणाली, “काही नाही गं, ह्याला साखर निघालीय,” आणि मग तिला इतकं हसू आलं की फोन त्याला धरावा लागला.