कार्डावरचं मांजर

ड्वाइट हॉस्टेटलर कार्डावर जे असेल ते वाचतात. एकदा मी कडेला पेन्सिलीने ‘आकडा पुन्हा तपासणे’ असं लिहिलं होतं, तर तेही त्यांनी त्याच भारदस्त आवाजात रेडिओवरून सगळ्या जिल्ह्याला ऐकवलं.

ओहायोतल्या आमच्या छोट्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. शरद ऋतूतल्या शनिवारी मात्र मी प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या लाकडी खोलीत दुर्बीण घेऊन बसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन कोण पळालं, पळणाऱ्याला कुणी आडवं पाडलं, ते समोरच्या तक्त्यावर बोट ठेवून ड्वाइटना दाखवायचं, आणि ते रेडिओवर सांगणार. कार्डं लिहिते तीही मीच. तिसरा रस्टी, कॉलेजचा जुना खेळाडू. तो मधूनमधून मत देतो आणि उरलेला वेळ खातो.

मोसमात आमच्या मैदानावर होणाऱ्या शेवटच्या सामन्यात ड्वाइट आमच्या घरच्यांचे आभार मानतात. आधी त्यांची बायको मेव्हिस, मग रस्टीची शेरिल, आणि मग ‘लॉरेलचं मांजर, टर्निप’. लॉरेल म्हणजे मी. चौदा वर्षं हेच चाललं होतं. लोकांना ते आवडायचं. एका आजीबाईंनी टर्निपसाठी स्वेटर विणून पाठवला होता.

नॅडीन आणि मी एकोणीस वर्षं एकत्र राहतोय. ती शाळेची बस चालवते. दोन हजार पंधराच्या जुलैत, कायदा बदलल्यावर, आम्ही कोर्टात जाऊन लग्न केलं. नवे फॉर्म आले नव्हते, म्हणून तिथल्या बाईंनी ‘वर’ हा शब्द पेनाने खोडला आणि जीभ बाहेर काढून, काळजीपूर्वक, त्या जागी ‘वधू’ लिहिलं.

ऑक्टोबरात एकदा पानं गोळा करताना नॅडीन म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही हं. पण मांजर माझं आहे. त्याचे आभार मानायचेच असतील, तर माझ्यामार्फत मानावेत.”

मी हसले. ती हसली नाही.

ड्वाइटचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या मोसमात नवा माणूस येणार, आणि तो कार्डं संगणकावर बघणार. म्हणजे नॅडीनचं नाव त्या आवाजात निघायचं असेल तर आत्ताच. पण ड्वाइट चौऱ्याहत्तर वर्षांचे, दर रविवारी चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवणारे. ते मधेच थांबले तर? रेडिओवर तीन सेकंद शांतता पसरली, की लोक आपला रेडिओ बिघडला का बघायला उठतात. आणि ती शांतता नॅडीन ऐकणार.

मी दोन कार्डं लिहिली. मांजराचं डाव्या खिशात, नॅडीनचं उजव्या.

त्या शेवटच्या सामन्यात, चौथ्या भागात, आम्ही तीन गुणांनी मागे होतो. खेळ थांबला.

“काय गं, खिसे काय चाचपतेस?” रस्टी तोंडात डोनट धरून म्हणाला. “कॉफी घे.”

ड्वाइटनी न बघता हात पुढे केला. मी उजव्या खिशातलं कार्ड दिलं आणि स्टॉपवॉच दाबलं. दोन नावांच्या मध्ये ते सव्वा सेकंद थांबतात. मी पूर्वी मोजलं होतं, मला सवय आहे.

मेव्हिस झाली. शेरिल झाली.

“आणि लॉरेलची बायको, नॅडीन. ती दर शनिवारी हिला इथे सोडते आणि घरी बसून आमच्या चुका मोजते.”

सव्वा सेकंद. त्याहून जास्त नाही.

“आणि टर्निप?” रस्टी माईकवरच ओरडला. “ड्वाइट, मांजर राहिलं! गेलं की काय?”

ड्वाइटनी कार्ड उलटून पाहिलं. “कार्डावर नाही.”

चौदा वर्षांत पहिल्यांदा मला माईककडे वाकावं लागलं. “मांजर मजेत आहे,” मी म्हणाले. “नॅडीनच्या मांडीवर असेल.”

सामना आम्ही हरलो. सोमवारपर्यंत रेडिओ केंद्रावर अकरा फोन आले, त्यातले नऊ मांजराबद्दल. एका बाईंनी अभिनंदन केलं. एका गृहस्थांचं म्हणणं होतं की खेळात असले खासगी विषय आणू नयेत. शेरिलबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

पण हे नंतर. त्या संध्याकाळी वायरी गुंडाळताना ड्वाइट म्हणाले, “नॅडीन म्हणजे ती निळ्या गाडीवाली ना? मला वाटायचं, तुला कार्डावर मांजरच हवंय.”

“एकदा तरी विचारायचंत.”

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस, पोरी?”

मी विचार केला. पहिल्या वर्षी माझी नोकरी कच्ची होती, आणि ‘टर्निप’ हे नाव त्यांनी नाही, मी लिहिलं होतं. “मांजर,” मी म्हणाले.

“मग?” त्यांनी कोट चढवला. “तू लिहायचीस, मी वाचायचो. मीही काही फार शूर नव्हतो म्हणा.”

खाली नॅडीन हीटर लावून गाडीत बसली होती. मी दार लावलं. तिने गाडी मैदानाबाहेर काढली.

“आज नऊ चुका,” मग ती म्हणाली. “आठ ड्वाइटच्या, एक तुझी.”

“माझी कुठली?”

“मांजर माझ्या मांडीवर नव्हतं.” तिने नाक पुसलं आणि गिअर बदलला. “मी उभी राहिले होते.”