साठच्या खाली

बाळाचं काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यात आधी जिच्या लक्षात आलं, तिला स्वतःच्या अंगावरची चादरसुद्धा धड ओढून घेता येत नव्हती.

सगळी गल्ली तिला कंडक्टरबाई म्हणायची. सव्वीस वर्षं तिने शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडली होती. दीड वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं आणि डावा हात, डावा पाय कायमचे रजेवर गेले. आवाज तेवढा शाबूत राहिला. जिभेला हाड तर आधीही नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचा पलंग होता आणि पलंगाच्या उजव्या अंगाला, चांगला हात पोहोचेल असा, अकरा दिवसांच्या नातवाचा पाळणा.

रोज सहाच्या ठोक्याला भुकेने घर डोक्यावर घेणारं ते पोर त्या दिवशी सात वाजून गेले तरी गप्प होतं.

"सूनबाई, हा उठला नाही अजून."

"झोपू द्या ना आई. कधी नव्हे ते शांत झोपलाय." सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"झोपलेला नाही, मलूल पडलाय. उचल त्याला आधी."

सुनेने ओल्या हातांनीच धाव घेतली. बाळाला छातीशी धरलं. त्याने दोन-तीनदा ओढलं, सोडून दिलं, मान कलती केली. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. अंग तव्यासारखं लागत होतं. सुनेचा चेहरा पडला. नवरा ट्रकवर होता, माल घेऊन चार दिवसांच्या वाटेवर गेलेला. घरात या दोघी आणि हे एवढंसं बाळ.

"माझ्याकडे काय बघतेस? नर्सबाईला फोन लाव."

नर्सबाईंचा दवाखाना पाण्याच्या टाकीमागे, दोन खोल्यांचा. पाव तासात त्या आल्या. चपला दाराशी काढल्या, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि एक अक्षर न बोलता बाळाचं झबलं वर सरकवलं. पोटाकडे बघत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्या पूर्ण मिनिटभर तशाच बसल्या. मग पुन्हा एक मिनिट. मग काखेत थर्मामीटर, मग झोळीच्या काट्यावर वजन.

"श्वास मिनिटाला अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा सहासष्ट. एवढ्या बाळाचे साठच्या खाली हवेत. आणि हे बघ, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडतोय. ताप आहे, दूध कमी झालंय. जंतूंनी शरीरात शिरकाव केलाय. तान्ह्या बाळात हे फार भराभर पसरतं. याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, आजच."

"किती दिवस ठेवतील?" सुनेने विचारलं.

"आठवडा तरी."

सुनेची नजर पलंगाकडे गेली आणि लगेच परतली. हॉस्पिटल गाडीने दोन तासांवर. सासूला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं. ते कोण करणार?

"मला टाका आणि जा," कंडक्टरबाई गरजल्या. "दोन दिवस उपाशी राहिले तर मरत नाही मी."

"टाकून जायला तुम्ही काय गाठोडं आहात?" सून पहिल्यांदाच सासूवर ओरडली, आणि मग रडायलाच लागली.

"दुसरं कोणीच नाही का?" नर्सबाईंनी विचारलं.

उत्तर सुनेला ठाऊक होतं, सासूलाही. समोरची शिंपीणबाई, जिचं मशीन दिवसभर खडखडत असतं, सासूचं दुखणं सुरू झालं तेव्हा आपणहून आली होती, 'मी करीन यांचं' म्हणत. कंडक्टरबाईंनी तिला दारातूनच पिटाळलं होतं. परक्या बाईच्या हातून मला धुवून घ्यायचं नाही, पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून. त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही. आणि आता नर्सबाईंसमोर सून ते सांगत नव्हती. तिने सासूची लाज राखली होती. कंडक्टरबाईंना ते नेमकं कळलं.

नर्सबाईंनी फोन काढून डॉक्टरांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मग सुनेसमोर खाली बसल्या.

"नीट ऐक. माझं म्हणणं अजूनही हेच आहे की हॉस्पिटल उत्तम. पण तू नाही गेलीस म्हणून मी हात झटकून जाणार नाही. बाळ थोडं तरी पितंय. हात लावला की जागं होतंय. झटका आलेला नाही. अशा बाळाला घरी उपचार देता येतात, आणि मी ते दिलेले आहेत. रोज मांडीत एक इंजेक्शन आणि दिवसातून दोनदा तोंडाने औषध, सात दिवस. एकही दिवस चुकवायचा नाही. मी रोज येईन. पण माझी एक अट आहे."

"सांगा."

"मी 'चला' म्हटलं की चलायचं. तेव्हा कारणं ऐकणार नाही."

सुनेने मान हलवली. नर्सबाईंनी वजनाच्या हिशेबाने औषध सिरिंजमध्ये भरलं, हवेचा बुडबुडा काढला आणि पापणी लवायच्या आत सुई टोचून बाहेरही काढली. बाळ कण्हलं. रडण्याइतकीही ताकद नव्हती त्याच्यात. तोंडाचं औषध गालाच्या कडेने थेंबाथेंबाने सोडलं.

"आता याच्यावर कोणीतरी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला हवी. तू किती जागशील? तुलाही झोप हवी, नाहीतर दूध आटेल."

"मी दिवसभर करते काय?" पलंगावरून आवाज आला. "छत बघते. त्याऐवजी नातू बघेन. मला मोजायला शिकवा."

नर्सबाईंनी वळून पाहिलं. "जमेल?"

"खच्चून भरलेल्या गाडीत, दोन्ही दारांतून माणसं चढत-उतरत असताना मोजली आहेत मी. हा तर एकटाच आहे आणि कुठे उतरतही नाहीये."

नर्सबाईंना हसू फुटलं. त्यांनी पाळणा आणखी जवळ ओढला, भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ पलंगावरून दिसेल अशा खिळ्यावर हलवलं. पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्ध्याचे दुप्पट करायचे नाहीत. रडत असताना किंवा नुकतंच पिऊन झाल्यावर मोजायचं नाही. दूध पूर्ण सोडलं, झटका आला, हलवूनही उठेना, अंग गार पडलं किंवा श्वास वाढत चालले, तर त्या क्षणी फोन. कंडक्टरबाईंनी ती पाच लक्षणं रस्त्यावरच्या थांब्यांसारखी लागोपाठ म्हणून दाखवली. एकही गाळलं नाही.

त्या दिवशी दर अर्ध्या तासाला मोजणी झाली. सून वाटीत दूध काढून चमच्याने पाजत होती, मधल्या वेळात बाळाला उघड्या छातीशी धरून बसत होती. सहासष्ट. सदुसष्ट. पासष्ट. संध्याकाळी पाच वाजता नर्सबाई पुन्हा आल्या. त्यांच्या मोजणीत सहासष्ट आले.

"तुमचे किती?" त्यांनी विचारलं.

"सहासष्टच."

"बरोबर मोजता तुम्ही. एका इंजेक्शनवर लगेच फरक दिसेल असं नाही. उद्या सकाळी आकडा खाली आला नाही, तर मी गाडी घेऊनच येईन."

नर्सबाई गेल्या. सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ छातीवर. तिची नजर शून्यात लागली होती. कंडक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गाडी उद्या दारात आली, तर ही पोरगी बाळाला घेऊन चढेल आणि जीव इथे पलंगापाशी ठेवून जाईल. तिचे दोन तुकडे करणारी आपणच. आपला हट्ट. आजारपण नव्हे, हट्ट.

खिडकीबाहेर अजून उजेड होता. समोरचं मशीन खडखडत होतं. कंडक्टरबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पूर्वी मागच्या सीटवरून ड्रायव्हरला द्यायच्या तशी हाक दिली.

"ओ शिंपीणबाई!"

मशीन थांबलं. गल्लीतल्या आणखी चार खिडक्या उघडल्या. शिंपीण रस्ता ओलांडून आली ती गळ्यात टेप तशीच लटकलेली, दातांत टाचणी. उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"आत ये," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मी तुला तेव्हा नको ते बोलले. आता गरज माझी आहे. बाळाला कदाचित हॉस्पिटलात न्यावं लागेल. हिच्यामागे माझं कोणीतरी करायला हवं. करशील?"

शिंपिणीने दातांतली टाचणी काढून ब्लाउजच्या खांद्याला टोचली.

"करीन की. पण आत्ताच एकदा करून बघू. आयत्या वेळी तुम्ही मला पुन्हा हाकललंत तर?"

सून उठायला लागली. "तू बस," दोघी एकदम म्हणाल्या.

दार लोटून घेतलं. शिंपिणीने कोमट पाणी आणलं. पुढची वीस मिनिटं कंडक्टरबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. लाजेने कानाच्या पाळ्या तापल्या. शिंपीण मात्र कापड बेतावं तितक्या सहजपणे काम करत होती. इकडची कूस, तिकडची कूस, पाठ, टाचा. मधेच म्हणाली, "सव्वीस वर्षं लोकांना 'पुढे सरका' म्हणालात. आता तुम्ही सरका जरा भिंतीकडे."

कंडक्टरबाईंच्या तोंडून हसू निसटलं. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. शिंपिणीने तिकडे पाहिलं नाही, चादरीच्या घड्या काढत राहिली.

सुनेने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. बाळाचे कपडे, वाटी-चमचा, कागदपत्रं, चार्जर. पिशवी दाराशी ठेवली. आता जायचं म्हटलं तर वाट मोकळी होती.

सकाळी पहिल्या मोजणीत कंडक्टरबाईंना एकसष्ट मिळाले. त्यांचा विश्वास बसेना. थोड्या वेळाने पुन्हा मोजले, साठ. आठ वाजता नर्सबाई आल्या, त्यांनी स्वतः दोनदा मोजले: साठ आणि एकोणसाठ. फासळ्यांखालचा खड्डा उथळ झाला होता. ताप उतरणीला लागला होता. आणि छातीशी लावल्यावर बाळाने सलग बारा वेळा ओढलं. सुनेने मोजलं होतं.

"आता माझं करायला माणूस आहे," कंडक्टरबाई घाईने म्हणाल्या. "न्यायचं तर खुशाल न्या. माझ्यामुळे काही अडायला नको."

नर्सबाईंनी दाराशी ठेवलेली पिशवी पाहिली, सकाळीच आलेल्या शिंपिणीकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. बरंच बोलणं झालं.

"बाळ सुधारतंय," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, इथेच चालू ठेवा. पण पिशवी तिथेच राहू दे. ती बघून मला बरं वाटतं."

दुसरं इंजेक्शन दिलं तेव्हा बाळाने गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. चौघी बायका ते कौतुकाने ऐकत राहिल्या, गाणं चालू असल्यासारख्या.

तिसऱ्या दिवशी बावन्न. चौथ्या दिवशी अठ्ठेचाळीस, ताप नाही, दूध पोटभर. त्या दुपारी नवऱ्याचा फोन आला. सुनेने सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "बरा झालाय ना आता? मग कशाला रोज भोसकायचं त्याला? बास करा."

सुनेलाही ते मनातून पटत होतं. बाळाची टोचलेली मांडी तिला बघवत नव्हती. तिने फोन कानाशी तसाच धरून सासूकडे पाहिलं.

"दे इकडे," कंडक्टरबाई म्हणाल्या. फोन उजव्या कानाला लावला. "तिकीट शेवटच्या थांब्याचं काढलंय. चौथ्यालाच उतरलं तर पुढचं अंतर चालत जायचं का पोरानं? जंतू अर्धमेले झालेत, मेलेले नाहीत. नर्सबाई सात म्हणाल्या, तर सात. तू समोर बघून गाडी चालव."

त्यावर पलीकडून फक्त "हो आई" आलं.

पाचवा दिवस रविवार. नर्सबाईंची सुट्टी. सून सकाळपासून दाराकडे डोळे लावून होती. साडेनऊला नर्सबाई आल्या, केस ओले, घरच्या साध्या कपड्यांत, पिशवीत भाजी आणि भाजीवर औषधांचा डबा.

"सुट्टी मला आहे, जंतूंना नाही," एवढंच म्हणून हात धुवायला गेल्या.

सातव्या दिवशीचं शेवटचं इंजेक्शन झालं. वजन केलं: दोन किलो नऊशेवरून तीन किलो पन्नासवर गेलं होतं. नर्सबाईंनी ते कार्डावर लिहिलं, खाली सही केली. काय काय बघत राहायचं ते पुन्हा सांगितलं, आठवड्याने दवाखान्यात आणायला सांगितलं. सुनेने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"राहू दे," नर्सबाई म्हणाल्या. "आज दुपारी मस्त झोप काढ. बाळ सासूबाईंकडे."

सून खरंच झोपली, दीड वाजता, आतल्या खोलीत, हातपाय पसरून. शिंपीण कंडक्टरबाईंचं आटोपून मशीनवर परतली होती. नर्सबाई मात्र गेल्या नव्हत्या. त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढली आणि कंडक्टरबाईंचा डावा पाय उचलून टाच तपासायला लागल्या.

"हे काय चाललंय?"

"बाळाचं झालं. आता तुमचं बघते. दीड वर्षात कोणी बसवलं नाही तुम्हाला?"

"मी बसू देईन तेव्हा ना."

"आता बसायचं. पाठीला उशा लावते, डाव्या हाताखाली एक. घेरी आली तर सांगा. रोज थोडं थोडं वाढवू. महिन्याभरात नातवाला मांडीवर घ्याल."

"मला खोटी आशा दाखवू नका हं."

"मी खोटं बोलते का? सात दिवस बघताय मला."

नर्सबाईंनी कंडक्टरबाईंच्या काखेत हात घातला, एक-दोन-तीन म्हटलं आणि त्यांना उचलून टेकवून बसवलं. खोली क्षणभर गरगरली, मग जागेवर आली. खिडकीतून इतके दिवस नुसतं आभाळ आणि समोरचं छप्पर दिसायचं. आता रस्ता दिसला, माणसं दिसली, मशीनवर वाकलेली शिंपीण दिसली. तिने मान वर केली आणि कात्री हवेत हलवून दाखवली.

कंडक्टरबाई त्या दिवशी अकरा मिनिटं बसल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा.