अर्ध्या टाकीची परीक्षा

मी पाण्याचा टँकर बोलतोय. तुम्ही दचकू नका, दचकायचं काम माझ्याकडे आहे. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी माझ्या पोटातलं पाणी हलतं.

माझा सांगाडा एका कारखान्यात तयार झाला, टाकी दुसऱ्याच वर्कशॉपात बसवली. तिथून मी नगरपालिकेत आलो, तो थेट ड्रायव्हरकाकांच्या हाती. चढावरच्या वस्तीला नळ नाहीत. तिथं पाणी पोचवायचं, एवढंच आमचं काम. काका मला लेकरासारखं जपायचे.

ते निवृत्त झाले आणि माझे हाल सुरू झाले. ज्याला सवड, तो किल्ली उचलायचा. "आपलीच गाडी, आपल्याला कोण अडवतंय?" म्हणत बागेतले माळीमामाही मला हाकायचे. त्यांच्याकडे लायसन्स स्कूटरचं. फाटकाच्या खांबाचा ओरखडा अजून माझ्या दारावर आहे.

मग नियम आला: नगरपालिकेचा माणूस असला तरी जड वाहनाचं लायसन्स हवंच. मला हायसं वाटलं. पण पुढचं ऐकून धडकीच भरली. महिनाअखेरपर्यंत त्या लायसन्सची परीक्षा कुणी पास झालं नाही, तर मी भंगारात जाणार होतो.

परीक्षेला बसली ती माझा पाइप धरणारी ताई. काकांनी घरून येऊन, शेजारी बसून तिला शिकवलं. "घाई कसली? पाणी कुठं पळून चाललंय?" असं म्हणायचे.

परीक्षेच्या सकाळी माळीमामा हसत आले. "ताई, अर्धं पाणी सोडलं गुलाबांना. हलका केलाय तुझा टँकर. आता पास होशीलच."

ताईनं गडबडीत मान हलवली आणि आम्ही निघालो. रस्ताभर सिग्नल मोकळे मिळाले. परीक्षेच्या मैदानावर मात्र तिनं पहिलाच ब्रेक दाबला आणि माझ्यातलं मोकळं पाणी धाडकन पुढे आदळलं. मी थांबता थांबता पुन्हा पुढे ढकललो गेलो. माझी तर गाळणच उडाली. संपलं सगळं, वाटलं.

ताईनं इंजिन बंद केलं.

"काय झालं?" शेजारच्या परीक्षकांनी विचारलं.

"साहेब, टाकी अर्धी आहे. पाणी आतल्या आत धक्के मारतंय. रिकामी करते, मग चालवते."

"परीक्षा चालू आहे, बाई."

"नापास करा हवं तर. पण अशी गाडी उतारावर नेणार नाही मी."

ताईनं खाली उतरून माझा कॉक उघडला. मैदानात चिखल झाला, रांगेतले उमेदवार कुरकुरले. मग तिनं मला चढावर नेलं, उतारावर थांबवलं, मागे घेतलं. मी जागच्या जागी उभा राहिलो.

"तुम्ही थांबवली नसतीत, तर मीच थांबवणार होतो," सही करताना साहेब म्हणाले. "आणि मग नापास केलं असतं."

परतल्यावर सगळं ऐकून माळीमामांनी कान पकडले. "मामा, तुमच्या गुलाबांनी माझी परीक्षा घालवलीच होती," ताई म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

आता माझी किल्ली ताईच्याच खिशात असते. वस्तीच्या चढावर माझं इंजिन धापा टाकतं, पण जीव मुठीत धरावा लागत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: मला भराल तर काठोकाठ भरा, नाहीतर रिकामाच ठेवा. आणि मला हलका करण्याआधी ताईला एकदा विचारा.