कोकिळाबाईंचा पोळपाट

“दिसून राह्यलं काय हो?” अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून वच्छलाबाईंनी हाक दिली.

खाटेवर उशीला टेकलेल्या तुळशीरामने समोरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. पडदा काळाच.

“नाही!”

मोताळ्यात पाट्या रंगवण्यात तुळशीरामची उमर गेली होती. मग लाकडावर नावं कोरणारं लेझरचं मशीन घेतलं आणि वर्षाच्या आतच तो एका दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडला. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून मशीन वच्छलाबाई चालवत. ट्रॉफ्या, किचेन त्यांना जमत. एखादं बिघडलं तर दुसरं करता येई. पण गेल्या आठवड्यात पुंजाजी आपल्या बायकोचा पोळपाट घेऊन आले. कोकिळाबाईंना जाऊन महिना झाला होता.

“तिचं नाव टाका याच्यावर,” ते म्हणाले. “पण जपून. हा एकच हाये.”

चाळीस वर्षं लाटून पोळपाट मधोमध खोलगट झालेला, काठाला चीर गेलेली. नाव बसेल अशी जागा बोटभर. मशीनच्या झाकणातल्या कॅमेऱ्यातून लाकूड लॅपटॉपवर दिसे. त्यावर नाव जिथे ठेवावं तिथेच मशीन ते कोरत असे. वच्छलाबाईंचा हात मात्र धजेना. “तुमची नजर पाह्यजे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. खाटेवरून नाव नेटने मशीनला धाडता येई, पण कॅमेऱ्याची वायर खाटेपर्यंत येत नव्हती.

म्हणून पुष्पांजली आली. गल्लीतलीच, घरोघरी इंटरनेट जोडायचं काम करायची. कॅमेरा बिनवायरचा करते म्हणाली आणि ड्युटी सुटल्यावर आज तिसऱ्यांदा येऊन खटपट करत होती.

“राहू दे ना बाई,” ती लॅपटॉप पाहायला खोलीत आली तसा तुळशीराम म्हणाला. “मी सांगून देतो पुंजाजीले, नाही होत म्हणून.”

“काऊन नाही होत? डोये तं शाबूत हायेत ना तुमचे?”

दोन वर्षांत सगळे तुळशीरामशी हळू, जपून बोलत. असं दटावलं कुणीच नव्हतं. त्याला बरं वाटलं.

पुष्पांजलीने राउटरची सेटिंग उघडून पाहिली. “घ्या! याच्यावर दोन नेट हायेत. कॅमेऱ्याले एकच समजते, अन् मी त्याले दुसरंच देऊन राह्यली.” तिने जोडणी बदलली. चित्र आलं, पण पत्र्यामुळे अडखळू लागलं. मग तिने राउटर शेडसमोरच्या खिडकीत नेऊन ठेवला.

पोळपाट पडद्यावर स्थिर झाला. लाकडाची रेघन् रेघ दिसत होती.

तुळशीरामने अक्षरं लहान केली, काठाच्या गोलाईवर वळवली, चिरेपासून दूर सरकवली. पाटी रंगवताना धरायचा तसा श्वास धरला.

“चालू कर,” त्याने हाक दिली. वच्छलाबाई मशीनजवळ उभ्याच होत्या.

दहा मिनिटांनी पोळपाट त्याच्या हातात आला. त्याने पुष्पांजलीकडे पाहून हात जोडले.

“असं काय करता काका,” ती म्हणाली. “च्या पाजा.”

संध्याकाळी पुंजाजी आले. पोळपाट मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसले, नावावरून बोट फिरवत राहिले.

“याच्यातलं ‘को’ कोनतं?” त्यांनी हळूच विचारलं. “मले वाचता येत नाही.”

तुळशीरामने त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर टेकवलं.